बागेतला स्मृतिस्तंभ आणि जमण्याचा हक्क : एक दीर्घ धागा

१/
मराठवाड्यात दरवर्षी १७ सप्टेंबरच्या सकाळी शासकीय ध्वजारोहण होते. ते कशासाठी होते हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते कोठे होते याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. छत्रपती संभाजीनगरात ते सिद्धार्थ उद्यानात होते, परभणीत राजगोपालाचारी उद्यानात, नांदेडात माता गुजरीजी विसावा उद्यानात. तीन शहरे आणि तीन बागा. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांची स्मृती किल्ल्याच्या तटावर किंवा कचेरीच्या आवारात ठेवलेली नाही; जिथे संध्याकाळी म्हातारी माणसे बाकावर टेकतात आणि पोरे धुळीत लोळतात, तिथे ती उभी आहे.

२/
ही जागा योगायोगाने मिळालेली असो वा विचारपूर्वक निवडलेली असो, ती सर्वथा योग्य आहे. ती योग्य का आहे, याचा विसर पडल्यामुळेच आज गावोगावच्या बागांना दुपारची कुलपे, प्रवेशशुल्क आणि ‘घोळक्याने बसू नये’ असे फलक निमूटपणे सहन केले जातात. हा धागा त्या विसराविरुद्ध आहे.

३/
समाजमाध्यमांवरच्या इतिहासप्रेमाला तलवारी, तह आणि तारखा आवडतात. बाग हा विषय त्यात बसत नाही. ‘बागेचा कसला इतिहास? इंग्रजांनी आणलेली शहरी चैन ती. आपल्याकडे पार होता, चावडी होती, देवळाचा सभामंडप होता. आपली माणसे तिथे जमत आणि कोणाला बागेची गरज वाटत नसे.’ हे मत इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे मांडले जाते की ते तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात गावापासूनच करावी.

४/
गाव कुरुंदा. तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. तोवर कुरुंदा परभणी जिल्ह्यात होते. त्यामागे जावे तर १९६० पूर्वी द्विभाषिक मुंबई राज्य, १९५६ पूर्वी हैदराबाद राज्य, आणि १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी निजामाचे हैदराबाद संस्थान. गाव जागच्या जागी राहिले, पण बारा वर्षांत तीनदा त्याची सत्ता बदलली. नरहर कुरुंदकरांचे आडनाव या गावावरून आले, एवढे तरी इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते.

५/
कुरुंदकरांचे नाव येथे शोभेसाठी घेतलेले नाही. गतकाळाकडे भक्तिभावाने न पाहता त्याला उलटतपासणीला उभे करायचे, ही शिस्त मराठी वाचकाला ज्यांनी लावली त्यांत ते अग्रभागी होते. ‘आपल्याकडे पार होता’ या वाक्याला ती शिस्त लावली, तर पहिला प्रश्न असा निघतो : त्या पारावर कोण बसत होते?

६/
पाराची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. वडा-पिंपळाभोवती बांधलेला दगडी ओटा ही या मातीतील फार जुनी आणि फार शहाणी रचना आहे. सावली फुकट, बसायला जागा, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर. कीर्तन, सोंग, पंचाचा निवाडा, परगावच्या पाहुण्याची चौकशी, सगळे तिथेच. बाजारभाव आणि बातमी पहिल्यांदा तिथेच उतरत असे.

७/
परंतु पारावर बसण्याचाही एक क्रम होता. वर कोण, खालच्या पायरीवर कोण आणि दूर उभे कोण, हे जातीने ठरलेले होते. महारवाड्याची चावडी वेगळी, तिचा तक्क्या वेगळा. बायका पारावरून जात, त्या पदर सावरून आणि मान खाली घालून. बसण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या जागेवर निम्म्याहून अधिक गाव बसू शकत नाही, तिला ‘सगळ्या गावाची जागा’ म्हणणे हा शब्दांचा सैल वापर आहे. पाराचे गोडवे गाणाऱ्यांच्या आठवणीत पाराखाली उभे राहिलेले पूर्वज सहसा नसतात. असते तर गोडव्यांचा सूर जरा उतरला असता.

८/
आता राजांच्या बागांकडे. बाग हा शब्द फारसी, आणि दख्खनेत बागा काही कमी नव्हत्या. औरंगाबादेत हिमायतबाग अजून आहे. हौद, कारंजी, पाटाचे पाणी, आमराया, या शास्त्रात मोगल काय आणि दख्खनी सुलतान काय, कोणी मागे नव्हते. त्या बागा ज्यांच्यासाठी होत्या त्यांच्यासाठीच होत्या, यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

९/
हैदराबाद शहरात मात्र एक बाग अशी आहे की तिच्या नावावर थांबले पाहिजे. बाग-ए-आम. आम लोकांची बाग. आज तिला पब्लिक गार्डन म्हणतात. तिच्या आवारात टाऊन हॉल उभा राहिला. सहावा निजाम महबूब अली खान याच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने लोकांनी वर्गणी काढली आणि १९१३ मध्ये इमारत पूर्ण झाली. पुढे तीच राज्याची विधानसभा झाली. म्हणजे बाग आम लोकांच्या नावाची आणि सभागृहही आम लोकांच्या पैशाचे.

१०/
आणि त्याच संस्थानात आम लोकांना सभा भरवता येत नव्हती.

११/
१९२९ साली निजाम सरकारने ‘गश्ती निशान ५३’ काढली. गश्ती म्हणजे परिपत्रक. सार्वजनिक सभेला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली, आणि ज्या सभेला राजकारणाचा वास आहे तिला परवानगी मिळणे जवळजवळ अशक्य झाले. कायदा विधिमंडळात मांडला, चर्चा झाली, मतदान झाले, असा काही प्रकार नव्हता. एक परिपत्रक निघाले आणि मराठवाडा, तेलंगण व कानडी जिल्ह्यांतील कोट्यवधी माणसांच्या एकत्र येण्याला कुलूप बसले. मराठवाड्याच्या तरुणांना औरंगजेबाच्या मोहिमांच्या तारखा पाठ असतात. ‘गश्ती निशान ५३’ हे नाव मात्र शंभरात पाच जणांनी ऐकलेले असेल तर पुष्कळ.

१२/
गश्ती निघण्यापूर्वीही स्थिती फार बरी नव्हती. हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने कोठे भरली ते पाहावे. १९२३ : काकीनाडा. १९२६ : मुंबई. १९२८ : पुणे. १९३१ : अकोला. यांतील एकही गाव हैदराबाद संस्थानात नाही! आपल्याच राज्याच्या कारभाराविषयी बोलण्यासाठी त्या राज्याच्या प्रजेला चार वेळा हद्द ओलांडून ब्रिटिश मुलखात जावे लागले. ब्रिटिश मुलूख म्हणजे स्वातंत्र्याचे नंदनवन होते असे मुळीच नव्हे. त्याचा हिशेब पुढे येतो. पण जो राजा आपल्या प्रजेला परमुलखात जाऊन बोलायला लावतो, त्याच्या राज्यातल्या बागेला ‘आम’ म्हणणे ही क्रूर थट्टा होती.

१३/
मग माणसे जमली कोठे? येथेच या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर.

ती शाळांत जमली. आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या पुरजळचे केशवराव कोरटकर हैदराबादेत वकील झाले, न्यायाधीश झाले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी शाळेच्या उभारणीत वामनराव नाईकांसह पुढे राहिले. १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली. अंबाजोगाईची योगेश्वरी, सेलूची नूतन, याही शाळाच. स्वामी रामानंद तीर्थ आधी शिक्षक आणि मग सेनानी, हा क्रम उगीच नव्हता.

ती ग्रंथालयांत जमली. मराठी पुस्तके ठेवणारी एक खोली, दोन वर्तमानपत्रे, एक घडवंची. ती गणेशोत्सवाच्या मेळ्यांत जमली, कारण धर्माच्या नावाने जमलेल्यांना हटकणे सरकारला जड जात असे. भजनात, आखाड्यात, व्याख्यानमालेत जमली.

१४/
यांतील प्रत्येक जागा लहान होती, हे लक्षात घ्यावे. वीस माणसे, तीस माणसे. लाखाची सभा हे चळवळीचे फळ असते. तिचे बी नेहमी वीस माणसांच्या बैठकीत पडलेले असते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले, ते एकाएकी भरले नाही. त्यामागे पंधरा-वीस वर्षांच्या अशा कोंदट खोल्या होत्या.

१५/
पुढचे वर्ष, १९३८. हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना व्हायची होती. सरकारने ती व्हायच्या आधीच सप्टेंबरात तिच्यावर बंदी घातली. जन्मापूर्वीच मृत्यूचा दाखला! ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरात औरंगाबादच्या महाविद्यालयातील आणि मग हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रार्थनागृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. शस्त्र नाही, घोषणा नाही. काही मुले एका खोलीत जमून एक गीत म्हणत होती. त्यासाठी शेकडोंना काढून टाकण्यात आले. अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या मुलांपैकी एक.

१६/
हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या मुलांच्याच वयाचे असतील. त्यांनी एवढेच पाहावे की संस्थानाला भीती गीताची नव्हती, जमण्याची होती. एकेकट्याने खोलीत दार लावून तेच गीत गुणगुणले असते तर कोणी विचारलेही नसते.

१७/
आता ब्रिटिश मुलखाचा हिशेब. मुंबईच्या किल्ल्यात एक मोकळे पटांगण होते, बॉम्बे ग्रीन. तिथे कापसाच्या गासड्या पडत. समोर १८३३ साली पूर्ण झालेला टाऊन हॉल, ज्यात आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. १८५० च्या दशकात या टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली काही दलाल जमू लागले आणि शेअरचे सौदे करू लागले. ना कचेरी, ना फलक. झाडे बदलत, गर्दी वाढत गेली. १८७५ मध्ये त्यांची रीतसर संस्था झाली. मुंबईच्या शेअर बाजाराची वंशावळ त्या वडाच्या सावलीपर्यंत जाते.

१८/
त्या पटांगणाचे काय झाले? पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट याच्या डोक्यात कल्पना आली की ही कचऱ्याने भरलेली जागा साफ करून भोवती गोलाकार इमारती उभाराव्यात. हा तोच फोर्जेट, ज्याने १८५७ च्या ऑक्टोबरात मुंबईत कटाच्या संशयावरून दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात पुढाकार घेतला. पालिकेने जागा घेतली, भोवतालचे भूखंड विकून नफा केला, मधोमध बाग केली. १८७२ च्या सुमारास कारंज्यासह ती पूर्ण झाली आणि तिला एल्फिन्स्टन सर्कल हे नाव मिळाले. बँकांच्या दर्शनी भागाला शोभेल अशी, कठड्यांनी बंदिस्त, नेटकी हिरवळ. मोकळे पटांगण गेले, नकाशावर सुबक वर्तुळ आले.

१९/
बाग ही इंग्रजांची देणगी म्हणणाऱ्यांनी आणि बाग ही इंग्रजांची चैन म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही या वर्तुळाचे पुढचे नाव वाचावे. स्वातंत्र्यानंतर ते हॉर्निमन सर्कल झाले. बेंजामिन हॉर्निमन हा इंग्रज, ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक. १९१९ च्या एप्रिलमध्ये सरकारने त्याला हिंदुस्थानातून हद्दपार केले. १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत जमलेल्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या; ती ‘बाग’ही नावापुरतीच, प्रत्यक्षात भिंतींनी वेढलेले, अरुंद वाटांचे पटांगण. जमावबंदी मोडून जमले, हाच त्या माणसांचा गुन्हा ठरवला गेला. हॉर्निमनने इंग्लंडात बसून अमृतसरवर पुस्तक लिहिले. अशा माणसाचे नाव ज्या बागेला आहे, तिला फक्त शोभेची हिरवळ म्हणणे म्हणजे दारावरची पाटी न वाचता आत शिरणे होय.

२०/
तात्पर्य, पाराने सर्वांना जागा दिली नाही, निजामाने दिली नाही, इंग्रजाने दिली नाही. ‘सार्वजनिक’ हा शब्द कोणी दान केलेला नाही. तो भांडून मिळवावा लागला, आणि त्या भांडणाचे सर्वांत लख्ख प्रकरण बागेचे नाही, तळ्याचे आहे.

२१/
४ ऑगस्ट १९२३ : सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेली अथवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ : महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे झाले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि हजारो अनुयायांनी प्रत्यक्ष पाणी घेतले, तेव्हा परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या.

२२/
त्याच वर्षाच्या डिसेंबरातली एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत ओझरती येते. महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी मंडप घालायला जागा मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. मनुस्मृतीचे दहन झाले ती परिषद भरली खासगी जमिनीवर, कारण गावातली एकही तथाकथित सार्वजनिक जागा त्या माणसांसाठी सार्वजनिक नव्हती. आणि विरोधकांनी न्यायालयात काय म्हणणे मांडले? हे तळे सार्वजनिक नाहीच, खासगी आहे! दहा वर्षे तो दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला.

२३/
सार्वजनिक की खासगी, हा वाद म्हणून वकिलांचा किस नाही. ज्याला माणसाला बाहेर ठेवायचे असते, तो आधी जागा खासगी असल्याचे सिद्ध करायला धावतो. आजही ‘सोसायटीची बाग’, ‘सदस्यांसाठी’, ‘दत्तक घेतलेले उद्यान’ हे शब्द कानावर आले की महाडचा दावा आठवावा.

२४/
१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. तेव्हा भारताचे गव्हर्नर जनरल होते चक्रवर्ती राजगोपालाचारी. परभणीच्या बागेला त्यांचेच नाव आहे. वसमतच्या महाविद्यालयाला बहिर्जी शिंदे यांचे स्मारक म्हणून नाव आहे. ते याच तालुक्यातल्या वापटीचे, संग्रामात हुतात्मा झालेले. या मुलखात अशी नावे पाट्यांवर आहेत. पाट्या वाचण्याची सवय तेवढी नाही.

२५/
आणि येथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. १७ सप्टेंबर आला की काही जण त्याला हिंदू-मुसलमान झगड्याची विजयतिथी करून टाकतात. रझाकारांचे अत्याचार खरे आहेत, आणि ते सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. पण ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता, विलीनीकरणाची बाजू लिहितो म्हणून रझाकारांनी १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्याला ठार मारले. आणि पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यासह संस्थानाच्या अनेक भागांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला, आणि तो अहवाल कित्येक दशके कुलुपात राहिला.

२६/
ज्या बागेत मुक्तीचा स्तंभ आहे त्या बागेच्या बाकावर शोएबुल्ला खानाच्या धर्माचा म्हातारा निर्धास्त बसू शकतो का, हा त्या स्तंभाविषयीचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. रंगरंगोटी, रोषणाई आणि पुष्पचक्र यांनी त्याचे उत्तर मिळत नाही.

२७/
‘स्मारकाचे पावित्र्य राखले पाहिजे.’ हा पुढचा आक्षेप, आणि तो सद्हेतूने घेतला जातो हे मान्य. पोरे स्तंभाच्या चौथऱ्यावर चढतात, कोणी डबा खातो, एखादे जोडपे कोपऱ्यात बसते, म्हणून भोवती जाळी लावा, दाराला कुलूप घाला, १७ सप्टेंबरला उघडा. हा विचार देवघराचा आहे, स्मारकाचा नाही. ज्यांना चार माणसे जमवायला परवानगी लागत होती आणि ज्यांनी त्या परवानगीविरुद्ध तुरुंग भोगला, त्यांच्या स्मृतीभोवती चार माणसांना जमू न देणे, यापेक्षा मोठा अवमान कोणता? डबा खाणारा मजूर आणि गप्पा मारणारी मुले चौथऱ्याची विटंबना करत नाहीत. तो चौथरा ज्यासाठी बांधला ते प्रत्यक्षात आणतात. घाण करणाऱ्याला दंड करावा, अवश्य करावा. घाणीच्या नावाने माणसांना दंड करू नये.

२८/
‘सभेसाठी मैदाने आहेत, बाग फिरण्यासाठी आहे.’ हा आक्षेप त्याहून चतुर. मैदानावर सभा घ्यायची तर मंडप, ध्वनिक्षेपक, परवाने, अनामत, आणि हे सर्व करणारा पक्ष किंवा पुढारी लागतो. म्हणजे मैदान हे ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांचे. लहान बागेत जमायला काहीही लागत नाही. स्पर्धा परीक्षेची मुले झाडाखाली पुस्तके उघडून बसतात, निवृत्त शिक्षक वर्तमानपत्राचे वाचन करतात, घरकाम संपवून आलेल्या बायका बचत गटाचा हिशेब करतात. बाईला मैदानावर एकटीने बसण्याचे कारण द्यावे लागते. बागेत मुलाला झोक्यावर बसवले की ते कारण आपोआप मिळते. हे कारण तरी का लागावे, हा निराळा प्रश्न, पण तूर्त ते मिळते हेही थोडे नाही.

२९/
कायदा काय म्हणतो? संविधानाचा अनुच्छेद १९ शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क देतो. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांच्या प्रकरणात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रस्त्यावरील सभेचे नियमन करता येईल, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली सरसकट मनाई चालणार नाही. बंगळूरच्या एका बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देऊ केली गेली, तेव्हा १९९१ मध्ये त्याच न्यायालयाने ते वाटप रद्द करणारा निर्णय कायम केला. रुग्णालय ही वाईट गोष्ट नव्हे, तरीही बागेची जागा बागेचीच, असे म्हणायला न्यायालय कचरले नाही.

३०/
महाराष्ट्रात मात्र एक फट आहे. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण पडते. दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, मालकाने नोटीस दिली आणि त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही, तर कलम १२७ खाली आरक्षण गळून पडते. बाग कोणी मोडत नाही. ती होऊच दिली जात नाही, आणि त्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. नुसते स्वस्थ बसणे पुरते. छोट्या शहरांच्या नकाशांवरील हिरवे ठिपके असेच पुसले जातात. इतिहासप्रेमी तरुणांनी आपल्या नगरपालिकेचा विकास आराखडा एकदा तरी उघडून पाहावा. मोडी लिपी वाचणाऱ्याला तो मुळीच अवघड जाणार नाही.

३१/
पुन्हा कुरुंद्यासारख्या गावाकडे. तिथे महानगरपालिका नाही, विकास आराखड्याचे हिरवे ठिपके नाहीत. पण ग्रामसभा आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ती दिली आणि १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात स्थान दिले. गावातील प्रत्येक मतदार तिचा सभासद. बाई, दलित, मुसलमान, भटक्या जमातीचा माणूस, सर्व. आता प्रश्न तोच, पाराचाच. ही सभा भरते कोठे? देवळाच्या सभामंडपात भरली तर कोण उंबऱ्यापाशी थांबते? सरपंचाच्या वाड्यासमोर भरली तर कोणाचा आवाज खाली येतो? कायद्याने सभासदत्व समान दिले. बसायची जागा समान नसेल तर ते सभासदत्व नोंदवहीतल्या अंगठ्यापुरते उरते.

३२/
म्हणून खेड्यात बाग ही शहराची नक्कल नाही. ज्या गावात प्रत्येक जागेवर कोणत्या ना कोणत्या जातीची, भावकीची किंवा देवस्थानाची छाया आहे, तिथे कोणाचीच नसलेली अशी एक गुंठाभर जागा हवी. दोन कडुलिंब, चार बाक, नळ, शौचालय, आणि रात्री नऊपर्यंत चालणारा एक दिवा. तिच्यावर कोणाच्या वडिलांच्या नावाची कमान नको. दाराला कुलूप नको, किंबहुना दारच नको. गुरांपुरती अडण पुरे.

३३/
आणि परभणी, नांदेड, संभाजीनगर येथील बागांसाठी एक मागणी. प्रवेशाच्या तोंडाशी ‘हे करू नये, ते करू नये’ असा नियमफलक असतो. त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या दुसऱ्या फलकावर ‘गश्ती निशान ५३’ चा मजकूर मराठी भाषांतरासह लावावा, खाली १९२३ ते १९३१ या काळात हद्दीबाहेर भरलेल्या चार परिषदांची गावे लिहावीत. शाळेच्या सहलीने आलेल्या मुलांना दोन्ही फलक वाचून दाखवावेत, आणि त्यांत फरक काय तो त्यांनाच विचारावा.